बुटीक हॉटेल म्हणजे नेमकं काय? ॲमस्टरडॅमची महागडी खोली आणि केळव्याचा होमस्टे, दोन्हींचं गणित समजून घ्या

इन्स्टावर ही रील तुम्हीही बघितली असेल. युरोपातलं एखादं शहर, खाली कालवा, वर लाकडी तुळयांचं छत, खिडकीत कॉफीचा कप आणि खाली कॅप्शन, ‘माय बुटीक स्टे’. तुम्ही ती बघताय डहाणू लोकलमध्ये बसून. बोईसर गेलं, वाणगाव यायचंय. रील संपते आणि पुढची येते. केळव्याची वाडी, झावळ्यांचं छप्पर, केळीच्या पानावर पापलेट आणि कॅप्शन पुन्हा तेच, ‘बुटीक स्टे’.

मग प्रश्न पडतो, की दोन्ही बुटीक कसे? एका खोलीचं भाडं एका रात्रीला 40 हजारांच्या घरात आणि दुसरीचं 3 हजार. हा शब्द आला कुठून, तो कोण देतं, आणि आपण पैसे नेमके कशाचे मोजतो?

सगळं एकेक करून बघू.

शब्द आला कुठून?

बुटीक हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ छोटं दुकान. आपल्याकडे तो आधी ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या पाटीवर आला आणि हॉटेलांपर्यंत नंतर पोहोचला.

हॉटेलांच्या जगात दोन नावं घेतली जातात. पहिलं लंडनचं ब्लेक्स हॉटेल. अनुष्का हेम्पेल यांनी 1978 मध्ये साउथ केन्सिंग्टन भागात ते सुरू केलं. तिथे प्रत्येक खोली वेगळी होती. तोवर मोठ्या हॉटेलांचा अभिमान उलटा होता, म्हणजे आमची खोली जगात कुठेही गेलात तरी सारखीच. दुसरं न्यूयॉर्कचं मॉर्गन्स. इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी ते 1984 मध्ये उघडलं. मोठी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि आमचं म्हणजे बुटीक, अशी तुलना रुबेल यांनी केली आणि शब्द चिकटला तो चिकटलाच.

म्हणजे बुटीक हॉटेलची ढोबळ ओळख अशी: खोल्या कमी, प्रत्येक खोलीला स्वतःचा चेहरा, इमारतीला काहीतरी गोष्ट आणि पाहुण्याला नावाने ओळखणारी माणसं.

मग बुटीकचा दर्जा कोण देतं?

कुणीच नाही. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

युरोपात तारांकित दर्जासाठी 2009 मध्ये ‘हॉटेलस्टार्स युनियन’ सुरू झाली. त्यात सामील असलेल्या देशांमध्ये निकष एकसारखे आहेत. फ्रान्सची स्वतःची वेगळी पद्धत आहे. त्यांनी पंचतारांकितच्याही वर ‘पॅलेस’ नावाचा मान 2010 मध्ये आणला. पण यातल्या कशातही बुटीक नावाचा तारा नाही. आपल्याकडे केंद्राचं पर्यटन मंत्रालय एक ते पाच तारे, त्यावर पंचतारांकित डिलक्स आणि वेगळा हेरिटेज वर्ग देतं. बुटीक त्यातही नाही.

मग बुटीक म्हणजे काय, तर मालकाने स्वतःच लावलेली पाटी. ॲमस्टरडॅमचं पुलित्झर हॉटेल बघा. कालव्याकाठची 17व्या आणि 18व्या शतकातली 25 घरं आतून एकमेकांना जोडून ते उभं आहे. सुरुवात 1970 ची. प्रत्येक खोलीचा आकार वेगळा, जिने वाकडेतिकडे, चुकायला होईल असे बोळ. अनुभव पक्का बुटीक, पण खोल्या दोनशेहून जास्त. उलट चार खोल्यांच्या साध्या लॉजवरही कुणी बुटीक लिहू शकतं. दोघांनाही कुणी अडवत नाही.

त्यामुळे बुकिंग करताना ‘बुटीक’ या शब्दाचे पैसे मोजू नका. आत काय आहे, त्याचे मोजा.

युरोपातल्या खोलीत शिरल्यावर आपल्याला काय खटकतं?

पहिला धक्का खोलीच्या आकाराचा. कालव्याकाठची जुनी ॲमस्टरडॅम घरं अरुंद आणि उंच. जिने इतके उभे, की सामान वर न्यायला घराच्या माथ्यावर आकडा बसवलेला असतो आणि दोर लावून खिडकीतून कपाट आत घेतात. हा कालव्यांचा पट्टा 2010 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यामुळे भिंत पाडून लिफ्ट बसवू म्हटलं तर सहज परवानगी मिळत नाही. छोट्या हॉटेलांत लिफ्ट नसणं तिथे नेहमीचं आहे. आईबाबांना घेऊन जाताय आणि बाबांचे गुडघे दुखतात? मग फोटो बघण्याआधी लिफ्ट आहे का ते विचारा.

दुसरा धक्का मजल्यांचा. तिथे जमिनीवरचा मजला शून्य. हे आपल्यालाही नवीन नाही, तळमजला आपणही वेगळा मोजतो. पण जुन्या घरात ‘तिसरा मजला’ म्हणजे चांगल्या साठ पायऱ्या, हे लक्षात ठेवा.

तिसरा धक्का बाथरूमचा. बादली नाही, मग नाही, जेट स्प्रेही बहुतेक ठिकाणी नाही. मळ्यातल्या विहिरीवर अंघोळ केलेल्या माणसाला हे थोडं जड जातं. एक रिकामी बाटली बॅगेत टाका, सुटलात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात डबल बेडवर दोन वेगळी पांघरुणं मिळतात. भांडण झालं म्हणून नाही, तिथली पद्धतच तशी आहे. जुन्या इमारतींत एसी गृहीत धरू नका, खास करून उत्तर युरोपात.

आणि चेक-इनला पासपोर्ट मागितला तर घाबरू नका. शेंगेन करारानुसार परदेशी पाहुण्याकडून नोंदणीचा कागद भरून, सही घेऊन ठेवणं हॉटेलवर बंधनकारक आहे. आपल्याकडेही तसंच आहे. परदेशी पाहुणा आला, की 24 तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. केळव्यात दोन खोल्या भाड्याने देणाऱ्यालाही यातून सूट नाही.

बिल कसं फुगतं?

इथेच खरी गंमत आहे. नेदरलँड्समध्ये हॉटेलच्या खोलीवरचा व्हॅट 1 जानेवारी 2026 पासून 9 टक्क्यांवरून 21 टक्के झाला. त्याशिवाय ॲमस्टरडॅम महापालिका 2024 पासून 12.5 टक्के पर्यटक कर घेते. हा कर व्हॅट सोडून उरलेल्या भाड्यावर लागतो.

आता एक उदाहरण धरू. खोलीचं मूळ भाडं 300 युरो. व्हॅट 63 युरो, पर्यटक कर साडेसदतीस युरो. एकूण 400 युरो आणि वर 50 सेंट. एक युरो सुमारे 100 रुपये धरला, तर एका रात्रीचे 40 हजार रुपये. यातले 10 हजार निव्वळ कर.

वेबसाइटवर दिसणाऱ्या भाड्यात व्हॅट साधारण धरलेला असतो, पण पर्यटक कर बऱ्याचदा काउंटरवर वेगळा मागतात. म्हणून ‘शहर कर समाविष्ट आहे का’ ही ओळ बुकिंगमध्ये शोधा. हे फक्त ॲमस्टरडॅमपुरतं नाही. बर्लिन 2025 पासून 7.5 टक्के घेतं. लिस्बनमध्ये माणशी, रात्री 4 युरो.

आता आपल्या बाजूचं गणित. भारतात 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आणि त्याहून महाग खोलीवर 18 टक्के. म्हणजे 3 हजारांची खोली 3,150 ला पडते. 7,500 ची खोली 7,875 ला. पण भाडं 7,501 झालं, की बिल 8,851 रुपये. एका रुपयासाठी जवळपास हजाराचा फरक! त्यामुळे एखादा रिसॉर्ट 7,499 असा भाव लावतो, तेव्हा ती फक्त सेलवाली युक्ती नसते.

आणि सेवा पुरवणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. घरगुती होमस्टेने बिलावर जीएसटी लावला असेल, तर त्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. क्रमांक नसेल तर कर घेण्याचा त्याला अधिकार नाही.

व्हिसाआधी हॉटेलचे पैसे भरायचे का?

बोईसर, पालघरचे बरेच जण इथे फसतात. शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या सोयीचा पुरावा द्यावा लागतो. मग घाईघाईत स्वस्त म्हणून ‘पैसे परत नाही’ वाली खोली घेतली जाते आणि व्हिसा नाकारला, की दोन्हीकडून फटका.

नियम साधे आहेत. मोठ्यांसाठी व्हिसा शुल्क 11 जून 2024 पासून 90 युरो आहे, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. प्रवासी विमा किमान 30 हजार युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. म्हणून आधी रद्द करता येणारं बुकिंग घ्या, व्हिसा हातात आला की मग हवी ती खोली पक्की करा. खोटं बुकिंग जोडायचा सल्ला कुणी एजंट देत असेल, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. ते पकडलं गेलं, तर पुढच्या अर्जालाही डाग लागतो.

मग पालघरमध्ये ‘बुटीक’ काय आहे?

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, राज्याचा 36वा जिल्हा. हॉटेलांच्या नजरेने बघितलं तर इथे दोन जगं शेजारी शेजारी नांदतात.

एक जग बोईसर-तारापूरचं. 1969 मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. मग एमआयडीसी आली, हजाराहून जास्त कारखाने आले. इथल्या हॉटेलचा पाहुणा म्हणजे ऑडिटला आलेला साहेब, मशीन बसवायला आलेला इंजिनिअर. त्याला काय हवं? वायफाय, जीएसटीचं बिल, सकाळी वेळेवर नाश्ता आणि कंपनीच्या गेटपर्यंत गाडी. खोलीला गोष्ट नसली तरी त्याचं काही अडत नाही.

दुसरं जग किनाऱ्याचं आणि डोंगराचं. केळवे-माहीमच्या पानवेली आणि नारळाच्या वाड्या, सातपाटीचं पापलेट, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या, त्यांतली इराणी-पारशी कुटुंबांची जुनी घरं, वर जव्हारला मुकणे संस्थानचा राजवाडा. इथला पाहुणा शनिवारी सकाळी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. म्हणजे बोईसरची हॉटेलं सोमवार ते शुक्रवार भरणार आणि केळव्याची शनिवार-रविवार. धंद्याची अडचणही इथेच आहे. दोन रात्रींच्या कमाईत सात दिवसांचा खर्च काढायचा असतो.

गोष्टीची कमतरता म्हणाल, तर ती अजिबात नाही. या एका जिल्ह्याच्या नावावर चार भौगोलिक मानांकनं सांगता येतात: वारली चित्रकला, डहाणू-घोलवडचा चिकू, वाडा कोलम तांदूळ आणि बहाडोलीचं जांभूळ. त्यात पापलेट 2023 मध्ये राज्याचा मासा झाला. ॲमस्टरडॅमच्या हॉटेलात ‘स्थानिक चीज’ म्हणून ताटलीत दोन तुकडे ठेवून वर माहितीचं कार्ड लावतात. आपल्याकडे सकाळी वाडा कोलमच्या तांदळाची भाकरी वाढतात आणि पाहुण्याला ते सांगायचंच राहून जातं.

वारलीचं तर आणखी वेगळं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रं 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी लागली होती. 2011 मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. ज्या गावाची चित्रं युरोपातल्या संग्रहालयात जातात, त्याच तालुक्यातल्या रिसॉर्टच्या भिंतीवर छापील वारली स्टिकर दिसतो. तुमचा होमस्टे असेल, तर स्टिकरऐवजी गावातल्या चित्रकाराला बोलवा, भिंत रंगवून घ्या आणि खाली त्याचं नाव लिहू द्या. बुटीक म्हणजे हेच तर असतं.

जुनं घर आहे, होमस्टे सुरू करता येईल?

येईल. रस्ते चार आहेत.

एक, केंद्राची ‘बेड अँड ब्रेकफास्ट, होमस्टे’ योजना. खोल्या एक ते सहा आणि मालक त्याच घरात राहणारा हवा. गोल्ड आणि सिल्व्हर असे दोन वर्ग मिळतात. राज्याचीही अशी निवास-न्याहारी योजना आहे.

दोन, राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण. चिकूवाडी किंवा शेती असणाऱ्यांसाठी हा सरळ मार्ग. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते.

तीन, हेरिटेज हॉटेल. वाडा, हवेली, राजवाडा, बंगला असं काहीही चालतं, पण बांधकाम 1950 पूर्वीचं हवं आणि जुना चेहरा जपलेला हवा. संस्थानी काळातल्या जव्हारसारख्या गावात वयाच्या अटीत बसणाऱ्या वास्तू आहेत.

चार, घरातली बाई मालक असेल तर राज्याचं 2023 चं ‘आई’ पर्यटन धोरण. 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत करतं.

किनाऱ्यावर आणखी एक नियम कामाचा आहे. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार ग्रामीण किनारपट्टीत मच्छीमार आणि स्थानिक लोक आपल्या राहत्या घरात होमस्टे चालवू शकतात. अट एकच, घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे कोळीवाड्यातल्या आहे त्या घरात पाहुणा ठेवा, पण घर पाडून त्याजागी तीन मजली रिसॉर्ट नको. जेवण देणार असाल, तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी घ्या.

‘पालघरमध्ये स्वस्तात फार्महाऊस’ वाली जाहिरात खरी असते का?

इथे थांबा आणि हा भाग दोनदा वाचा.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके आणि पालघर-वसईचे काही भाग पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. विक्रीच नाही, तर गहाण, बक्षीस आणि भाडेपट्टासुद्धा यात येतो. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

त्यामुळे ‘नावावर नको, 30 वर्षांच्या लीजवर घ्या, कॉटेज बांधा’ असं कुणी रीलमध्ये सांगत असेल, तर आधी सातबारा काढा. त्यावर आदिवासी खातेदार किंवा कलम 36 चा शेरा दिसला, तर पुढे जाऊ नका. व्यवहार बेकायदा ठरला, तर जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. तुमचे पैसे बुडतातच. आणि त्याआधीची काही वर्षं, एका कुटुंबाची शेती तुमच्या स्विमिंग पूलखाली गेलेली असते.

डहाणूसाठी आणखी एक कुंपण आहे. 20 जून 1991 ला केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना अटकाव केला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. घोलवड-बोर्डीच्या वाड्या आज हिरव्या दिसतात, त्यामागे हाही एक भाग आहे. शेजारी तारापूरच्या सांडपाण्याचं प्रकरण मांगेला मच्छीमारांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं होतं. किनारा बिघडला, की आधी मासा जातो आणि मग पाहुणा.

पुढे काय होणार?

बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला आहे. 76 हजार 220 कोटींच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये झालं. मच्छीमारांचा विरोध आजही संपलेला नाही. पण हॉटेलांच्या दृष्टीने अर्थ स्पष्ट आहे, माणसं वाढणार आणि खोल्या लागणार.

गर्दी हाताबाहेर गेल्यावर काय होतं, ते युरोप आत्ता दाखवतोय. ॲमस्टरडॅमने वर्षाला 2 कोटी मुक्कामांची मर्यादा ठरवली आणि 2024 मध्ये जाहीर केलं, की एखादं हॉटेल बंद झाल्याशिवाय नवं उघडू देणार नाही. बार्सिलोनाने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचे 10 हजारांहून जास्त परवाने 2028 पर्यंत संपवायचं ठरवलं, कारण शहरातल्याच लोकांना राहायला घरं परवडेनाशी झाली. म्हणजे आधी शहर विकलं आणि आता ते परत विकत घ्यायची धडपड चालू आहे. पालघर अजून त्याच्या अलीकडे आहे. इथे वाडी कुणाची, खोली कुणाची आणि पैसा कुणाच्या घरात जाणार, हे अजून ठरायचंय.

बुकिंगआधी हे पाच प्रश्न विचारा

युरोप असो की केळवे, प्रश्न तेच.

1. एकूण किती पडणार? सगळे कर धरून, लेखी.

2. रद्द केलं तर पैसे कधी आणि किती परत?

3. लिफ्ट, एसी, गरम पाणी, पार्किंग यातलं काय नक्की आहे?

4. नोंदणी कोणत्या योजनेत किंवा विभागाकडे आहे?

5. जागा कुणाची आहे आणि ती चालवतं कोण?

पाचवा प्रश्न विचारायला जरा अवघड वाटतो, पण विचारा. मालक शेजारच्याच खोलीत राहत असेल, तर तो चहा पाजून सगळं सांगेल. आणि उत्तर द्यायला कुणीच नसेल, फक्त व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड येत असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, दुसरी जागा बघा.